चिंचेखाली

आमच्या घरात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढले. बी.एस्सी. बारामतीत केलं, विमान उडवायलाही बारामतीच्याच धावपट्टीवर शिकले. हे मी मान वर करूनच सांगते. तात्या, म्हणजे माझे वडील, इंदापूरकडच्या एका साखर कारखान्यात बॉयलरवर होते. त्यांचा अभिमान वेगळाच. तो युनियनचा.

त्यांच्या युनियनची एक रीत होती. करार सहीला जाण्याआधी पुढारी तो कारखान्याच्या गेटवर कलमवार वाचून दाखवायचे. ज्याला पटलं नाही त्यानं ओरडायचं नाही, गेटाशेजारच्या चिंचेखाली जाऊन उभं राहायचं. तिथली डोकी बघून पुढारी ठरवायचे, सही करायची की परत बोलायला जायचं.

"सगळ्या नोकरीत मी एकदाबी चिंचंखाली गेलो न्हाय," तात्या सांगायचे. "माणसानं आपल्या युनियनसंगं ऱ्हावं."

आई गेल्यावर तात्या गावात एकटे, त्यात काचबिंदूनं नजर जात चाललेली. मी विमान कंपनीत, नेमणूक दिल्लीला. पण आम्हा वैमानिकांच्या जुन्या कराराप्रमाणे महिन्यातून सलग चार दिवस सुट्टी मिळायची. एक दिवस यायला, एक जायला, मधले दोन तात्यांचे. बारामतीला डोळ्यांचा डॉक्टर, येताना भेळ, संध्याकाळी मी पेपर मोठ्यानं वाचायची.

नव्या कराराची बोलणी सुरू झाली तेव्हा आम्हा वैमानिकांना आमच्याच युनियनकडून काही कळेना. ग्रुपवर विचारलं की उत्तर एकच, "विश्वास ठेवा." कुणी म्हणे पगारासाठी सुट्ट्या विकल्या. कुणी युनियन सोडायची भाषा करू लागलं. मतदानाच्या दिवशी मी गावीच होते. फोनवर ऑनलाइन बैठक झाली. अध्यक्ष म्हणाले, मसुदा मेलवर आहे, मत संध्याकाळपर्यंत द्या.

तात्या शेजारी बाजेवर बसून ऐकत होते.

"वाचून न्हाय दावला?"

"आमच्यात मेल करतात, तात्या."

"मंग तू वाचला का?"

"चाळलाय. मत 'नाही' द्यावंसं वाटतंय."

"शिकलीस म्हणून लई शानी झालीस व्हय? फूट पडली की मालकाचं फावतंय. व्हय म्हण."

मी हो म्हटलं. तात्यांवर ढकलत नाही. न वाचता मत मीच दिलं, आणि घरात शिकलेली मीच.

करार थोडक्या मतांनी मंजूर झाला. पगार वाढला. सलग चार दिवसांची सुट्टी गेली, त्या जागी सुटे दिवस आले, कंपनीच्या सोयीनं. एका दिवसात दिल्लीहून गावी येऊन परत जाणं होत नाही. डॉक्टरची तारीख आली की मी फोनवर सांगायची, शेजारच्यांना घेऊन जा. तात्या म्हणायचे, "तू आल्यावं जाऊ की." ती तारीख गेली, पुढचीही गेली. पाच महिन्यांनी एकदाची रजा मंजूर झाली आणि मी घरी पोचले, तेव्हा तात्यांनी मला आवाजावरून ओळखलं.

चहा झाल्यावर म्हणाले, "त्यो करार हाय का तुझ्याकडं? वाच."

अंगणात बसून मी फोनवरनं, मराठी करत करत, कलमवार वाचला. सुट्ट्यांच्या कलमाशी त्यांनी हात वर केला.

"थांब. परत वाच."

मी परत वाचलं.

"ह्येच व्हय आपलं चार दिस?"

"हेच, तात्या."

त्यांनी काठी चाचपली, उठले, आणि भिंतीला हात लावत अंगणातल्या शेवग्याखाली जाऊन उभे राहिले. वरून शिकाऊ विमान घरघरत गेलं. एरवी तात्या मान वर करायचे, आज केली नाही.

"तात्या, आत चला. ऊन लागतंय."

"लागू दे. पुढारी बघंस्तवर हलायचं नसतंय."

मी फोन बाजेवर ठेवला आणि त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिले. बघायला कुणी नव्हतं.