भिंतीवरची वरमाळ

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी वरमाळ चेतनाकडे येते. कधी कापडी पिशवीत, कधी मिठाईच्या रिकाम्या खोक्यात, कधी अक्कलकुव्याहून खापरला येणाऱ्या जीपच्या ड्रायव्हरच्या हाती. ती दोरा कापते, डागाळलेल्या पाकळ्या बाजूला काढते. नदीची बारीक वाळू चाळून, तव्यावर भाजून गार करून ठेवलेली असते. तिच्या थरांत पाकळ्या पुरायच्या आणि आठ दिवस डब्याला हात लावायचा नाही. नवव्या दिवशी एक पाकळी कानाशी धरून दोन बोटांत दाबायची. कागदासारखा आवाज आला तर वाळली. ओली पाकळी बोलत नाही.

मग मऊ ब्रशनं वाळू झटकून ती पाकळ्या काचेखाली मांडते. डिंक लावत नाही, काचेच्या दाबावरच राहू देते. लाल गुलाब काळवंडतो, मोगरा चहाच्या रंगाचा होतो, झेंडू मात्र निर्लज्जासारखा पिवळाच राहतो. हे ती गिऱ्हाइकाला आधीच सांगते.

दुसऱ्यांची लग्नं ती अशी वाळवून ठेवते. तिच्या स्वतःच्या घरात बैठकीच्या भिंतीवर माळ होती ती रंजिताची.

रंजिता ही तिच्या नवऱ्याची, भूपेंद्रची पहिली बायको. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी काविळीनं गेली. भूपेंद्र आश्रमशाळेत लिपिक. दोन वर्षं तो तसाच राहिला, मग आईच्या आग्रहानं दुसऱ्या लग्नाला उभा राहिला. चेतना तेव्हा एकतीस वर्षांची होती, दोनदा लग्न ठरून मोडलेली. देवळात पंधरा माणसांसमोर माळा घातल्या गेल्या. भूपेंद्रनं आपल्या गळ्यातली माळ काढून देवळाच्या कठड्यावर ठेवली आणि चपला शोधायला लागला. त्यानं तिला घातलेली माळ चेतनानं पिशवीत घालून घरी आणली. तिनं वाळवलेली ती पहिली माळ. बिस्किटांच्या डब्यात भरून तिनं ती कपाटात ठेवली. त्या माळेचं काय झालं, असं कुणी विचारलं नाही.

दुसरेपणाच्या बाईच्या गळ्यात सवतीचा टाक असतो. चांदीची नखाएवढी पट्टी, तिच्यावर ठोकलेली बाईची आकृती. चेतनाच्याही गळ्यात आहे. नवी साडी आली की आधी टाकाला दाखवायची, मग नेसायची. सणाचा पहिला घास तिचा, अंगणातलं पहिलं फूल तिचं. शेजारची शोभाबाई ओट्यावरून हसून विचारायची, "आज कोन्हं लुगडं नेसनी वं चेतना? तुन्हं का सवतनं?" चेतनाही हसायची. आत जाऊन तो पदर सोडायची आणि पुन्हा खोचायची, जरा जास्तच घट्ट.

जिवंत बाईचा मत्सर करायला काही धरायला तरी मिळतं. तिची भाजी खारट निघते, तिचे केस पिकतात, ती कधीतरी खोटं बोलते. रंजिता पंचविशीची होती आणि पंचविशीचीच राहणार होती. चेतना आता चाळिशीला टेकली होती. भिंतीवरची माळ तपकिरी झाली होती, काच धुरकटली होती, तरी सासू धनुबाई रोज सकाळी पदरानं ती काच पुसायची. चेतनाच्या चौकटी विकत घ्यायला तळोद्याहून माणसं येत. बैठकीत बसून चहा घेताना ती वर बघून म्हणत, "हीपण तुम्हीच केली का?" चेतना म्हणायची, "नाही, ती आधीची आहे."

गेल्या फाल्गुनात धनुबाईला त्या काचेमागे काहीतरी सरकताना दिसलं.

"चेतना, दख वं! फोटोमा किडा फिरी ऱ्हायना."

कसर लागली होती. धनुबाईनं रंजिताच्या लग्नानंतर कणकेच्या खळीनं पाकळ्या चिकटवल्या होत्या. कणीक म्हणजे किड्यांना जेवणच.

"साऱ्या गावना हार करस," धनुबाई म्हणाली, "घरना एक नीट कर."

चेतनानं चौकट उघडली आणि तिच्या हातात पहिल्यांदाच ती आली, काचेशिवाय. अर्ध्याहून अधिक भुगा झाला होता. उरलेल्यात दोन-चार अखंड फुलं होती, लांबट, पातळ, पाच पाकळ्यांची. तिला बघताक्षणीच कळलं. ही लाल कण्हेर.

तिनं सासूला विचारलं, "आत्याबाई, हार कसाना व्हता?"

"कसाना म्हंजे? गुलाबना! लाल लाल गुलाबना. मन्हा डोयासमोर शे अजून."

संध्याकाळी भूपेंद्रला विचारलं. तो मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला, "गुलाबच व्हतीन."

चेतना स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. नऊ वर्षं ज्या माळेच्या खाली ती माणसांना चहा देत होती, ती माळ कशाची होती हे या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. तिला हसू आलं. मग राग आला. इतकं कमी आठवत असताना इतकं दुःख करता येतं, आणि आपण तर रोज समोर असतो.

दुसऱ्या दिवशी घरात कुणी नसताना तिनं कण्हेरीची ती फुलं आणि सगळा भुगा चुलीत टाकला. धूर कडू आला. मग कपाटातून बिस्किटांचा डबा काढला आणि आपल्या माळेचे गुलाब त्याच चौकटीत, त्याच काचेखाली मांडले. काळपट लाल, कडा किंचित वळलेल्या. एकही पाकळी तुटली नाही. कोपऱ्यात कापूर आणि दोन लवंगा ठेवल्या आणि चौकट भिंतीवर लावली. आता तिथं ती स्वतः होती. कुणाला कळायची गरज नव्हती, तिला कळत होतं तेवढं पुरे होतं.

पुरे झालं नाही. भूपेंद्र शाळेतून आला, चपला काढता काढता थांबला आणि भिंतीजवळ गेला. बराच वेळ उभा राहिला. मग काचेवर तळवा ठेवून म्हणाला, "हार जित्ता व्हयना, चेतना." त्याचा आवाज ओला होता.

त्यानंतर तो रोज थांबायला लागला. सकाळी निघताना, आल्यावर. इतक्या वर्षांत न थांबणारा माणूस. एकदा तर त्यानं पाहुण्यांना हाताला धरून नेऊन दाखवलं, "रंजिताना हार. दखा, कसा ताजा दिखस." पाहुणे चेतनाच्या हाताचं कौतुक करत होते. ती दारात उभी राहून नवऱ्याची नजर आपल्या फुलांवरून फिरताना पाहत होती, आणि ती नजर तिच्यासाठी नव्हती. साडी आधी रंजिताला दिली, घास दिला, फूल दिलं. आता लग्नसुद्धा आपल्याच हातानं काचेत घालून दिलं. चौकट उतरवून सगळं पुन्हा डब्यात भरावं असं तिला रोज वाटे. पण मग भिंत रिकामी का, हे सांगावं लागलं असतं.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी दिवलीबाई आली. रंजिताची आई. दर आखाजीला ती चेतनाला साडी आणते. लेक गेली की तिच्या जागी आलेली बाईच लेक, अशी रीत आहे. या वेळी ती साडी देऊन म्हणाली की घर बंद करून सुरतेला मुलाकडे कायमचं जायचं ठरलंय. जाताना पोरीचा हार सोबत न्यायचा आहे.

"लई जा ना इहीण," धनुबाई लगेच उठली. तिनं चौकट उतरवून दिवलीबाईच्या मांडीवर ठेवली.

चेतनाच्या हातात चहाचा ट्रे होता. आपली माळ सुरतेला जाणार, एका अनोळखी भिंतीवर, मेलेल्या बाईची म्हणून. तिनं ट्रे खाली ठेवला.

दिवलीबाईनं चष्मा पुसला. काच डोळ्यांजवळ नेली, लांब नेली.

"हाऊ मन्ही आंडेरना हार नही."

"असं काय करस इहीण? तोच शे. चेतनानी नवा करा. दोन महिना व्हयनात, भूपेंद्र रोज त्यानाकडे दखी रडस."

"त्या सालले गुलाब भेटनाच नही. आंगणनी कण्हेर तोडीसन मी मन्हा हातघाई गुंफा."

"गुलाबच व्हता, माय," भूपेंद्र खुर्चीवरून म्हणाला. "माले आठवस."

दिवलीबाई त्याच्याकडे बघत राहिली. मग धनुबाईकडे. दोघंही ठाम होती. तिची मान हळूहळू खाली गेली. "व्हई बा," ती पुटपुटली. "वय व्हयना. इसरी गयी व्हसू." आणि चौकट बांधायला तिनं पिशवीतून पंचा काढला.

गप्प राहिलं की चेतना सुटत होती. पण तो पंचा काचेवर पडताना तिला बघवलं नाही. तिला म्हातारीची दया आली नव्हती. ती माळ रंजिताची म्हणून आणखी एक दिवसही कुणाच्या हातात राहावी, हे तिला सहन होईना.

"माय, तुम्हनं खरं शे," ती म्हणाली. "कण्हेरच व्हती."

"मंग हाऊ कोना?"

"मन्हा. मन्हा लगीनना."

"आन मन्ही आंडेरना?"

"चूलमा टाकी दिन्हा."

धनुबाईनं तोंडाला पदर लावला. दिवलीबाई रडली नाही, ओरडली नाही. ती भूपेंद्रकडे वळली. "जवाई, मंग दोन महिना कोनाकडे दखी रडनात?" त्याचे कान लाल झाले होते.

दिवलीबाईनं चौकट उलटी केली आणि मागचे खिळे नखानं वाकवायला लागली.

"चौकट मन्हा धनीनी करेल शे," ती चेतनाला म्हणाली. "तेवढी मी लई जास. फुलं तुन्हा शेतस, तुन्हाजोडे ऱ्हाऊ दे." तिनं आवाज चढवला नव्हता. पण दिलेली साडी तिनं उचलली आणि पुन्हा पिशवीत घातली.

मागची फळी निघाली. पाकळ्या तिनं बाजेवरच्या वर्तमानपत्रावर ओतल्या, काचेसकट चौकट पंच्यात गुंडाळली आणि निघाली. धनुबाई तिच्या मागं फाटकापर्यंत गेली, काहीतरी विनवत.

वैशाखातला पंखा पूर्ण वेगात होता. पहिली पाकळी उडाली, मग चार-पाच. एक भूपेंद्रच्या पायाशी आली. तो वाकला नाही. उठला, भिंतीकडे गेला आणि पंखा बंद केला. मग बाजेजवळ येऊन पाकळ्यांपुढं उभा राहिला, हात मागं बांधून, जसा तो दोन महिने उभा राहत होता तसाच.

"तू जपी ठेवेल व्हती?" त्यानं विचारलं.

चेतना त्याच्या डोळ्यांकडे बघत होती. ते ओले होत आहेत का, आणि झाले तर कुणासाठी, हे तिला आधी बघायचं होतं.