पेरूचे सुभेदार

आमचे हेडमास्तर नागनाथ सर वरून आलेलं परिपत्रक आधी कपाळाला लावत, मग टोपीवर ठेवत आणि कारकुनाला सांगत, "लिहा. आज्ञा शिरसावंद्य. अंमल करता येत नाही." धाराशिवच्या शाळेत मी गणित शिकवायला रुजू झालो, त्या पहिल्याच दिवशी हे पाहिलं आणि म्हटलं, हे गृहस्थ थोडे सरकलेत.

हेडमास्तर असूनही इतिहास ते स्वतः शिकवत. निजामाचे सुभेदार जाऊन फार वर्षं झाली नव्हती, पण सरांचा जीव स्पेनच्या सुभेदारांवर. राजानं मेक्सिकोवर, पेरूवर धाडलेले ते उमराव. राजाचा हुकूम बोटीनं यायला महिने लागत. तिथं तो लागू पडत नसला, की उमराव कागद डोक्यावर ठेवून हेच म्हणत. पोरांनी सरांचं नाव 'पेरूचे सुभेदार' ठेवलं होतं. सरांना ते ठाऊक होतं, आणि आवडतही होतं.

एका उन्हाळ्यात शंभर झाडं लावायचा हुकूम आला. शाळेची विहीर कोरडी ठणठणीत. तपासणीला आलेले साहेब चिडले. सर त्यांना काठावर घेऊन गेले. "राजा तिकडं, विहीर इकडं. साहेब, तुम्हीच जरा डोकावून हुकूम वाचून दाखवा तिला." साहेब चहा पिऊन गेले.

निवृत्तीच्या दिवशी सरांनी हार घेतले नाहीत. म्हणाले, "मुदत संपली की त्या उमरावांची चौकशी बसायची. कुणीही यावं, तक्रार सांगावी. माझीही होऊ द्या." लिंबाखाली बाक टाकून बसले. एक मास्तर म्हणाले, सरांच्या चहात साखर कमी असते. सरांनी गंभीरपणे लिहून घेतलं.

मग शाळेत पाणी भरणाऱ्या गंगूबाई पुढं आल्या. "माझी सुमन सातवीतून शाळा सोडून बसली. पोरांनी शाळा सोडली की तुमी त्यांच्या घरी जाऊन बापाला झापत व्हता. आमच्याकडं आला न्हाय."

सरांनी तेही लिहून घेतलं. "खरंय, बाई. शिक्षा सांगा."

"रोज सकाळी यायचं. शिकवायचं तिला."

सर चार वर्षं रोज सकाळी तिला शिकवायला गेले. सुमन मॅट्रिक झाली, तेव्हा पेढे आणि स्वतः लिहिलेला सुटकेचा कागद घेऊन गंगूबाईंच्या दारात उभे राहिले. मी सोबत होतो. "अंगठा करा बाई. कैदी सुटला."

गंगूबाईंनी पेढा खाल्ला. कागद सुमनकडून वाचून घेतला, नीट घडी घातली आणि सरांना परत दिला.

"धाकटी राहिलीय अजून," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध आणायला निघालो, तर सर छत्री घेऊन त्याच गल्लीत वळत होते.