अण्णांनी राखलेला फोन

अण्णा कुणाच्याही टेबलाशी आले की आधी तिथला मोबाईल उचलून ड्रॉवरमध्ये टाकायचे आणि मगच बोलायला लागायचे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेलच्या कारखान्यात ते मुख्य डिझायनर होते आणि मी त्यांच्या हाताखाली शिकत होते. अण्णांचं घरात तेलुगू, कारखान्यात मराठी आणि मोबाईलशी उभं वैर. "चुगलखोर पाळलाय आपण, पोरी. तू काय बघतीस, कुटं जातीस, समदं सांगून येतंय त्ये."

एकदा मी ज्वारीच्या कणसांची एक किनार काढली. नोकरी सोडून दोन माग भाड्याने घ्यायचे आणि या किनारीवर स्वतःचा माल सुरू करायचा, असं मनात होतं. हे मी फक्त अण्णांना सांगितलं, किनारही फक्त त्यांनाच दाखवली. तिचे फोटो मोबाईलमध्ये आहेत म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. मग फोन चालवणारी कुठली सिस्टिम कुठल्या फोनवर बसते, अपडेट कुठवर मिळतात, हे कित्येक दिवस धुंडाळत राहिले. शेवटी माझ्या फोनमधली मूळची सिस्टिम पुसून त्यांनी दुसरी बसवली, परस्पर कुणाला काही न कळवणारी. तिच्यावर बँकेचं ॲप चालेना, म्हणून मी कुरकुरले.

"अडू दे की जरा. सोय पाह्यजे का किनार पाह्यजे?"

मी बँकेत रांगेला उभी राहू लागले आणि अण्णा पाठीशी आहेत म्हणून निर्धास्त झाले.

दिवाळीच्या तोंडावर बाजारात एका दुकानाबाहेर माझ्या किनारीचे टॉवेल टांगलेले दिसले. ओळखीचा दुकानदार कौतुकाने म्हणाला, "तुमच्या शेजारच्या कारखान्याचा माल हाय. डिझाइन तुमच्या अण्णांचं."

मी तशीच अण्णांच्या घरी गेले. त्यांनी नाकारलंसुद्धा नाही. त्या कारखान्याच्या मालकाने अण्णांच्या जावयाला नोकरी दिली होती. "एकदा बघितलेलं मी इसरत न्हाय. ग्राफच्या कागदावर काढून दिलं." मग माझ्या फोनकडे बोट दाखवून म्हणाले, "पर फोनातनं कायबी गेलं न्हाय. त्ये काम माजं चोख हाय."

ते मान खाली घालतील असं मला वाटलं होतं. त्यांना त्या फोनचा खरोखरच अभिमान होता. मी रडायला लागले, तेव्हा त्यांनी माझ्यापुढे चहा सरकवला.

माग घ्यायचे राहूनच गेले. मी नोकरी बदलली. अण्णांनी केसाने गळा कापला, असं मी आजही कुणालाही सांगते. पण नवी नक्षी जमून आली की ती कुणाला तरी दाखवावीशी वाटते, आणि ती पहिल्या नजरेत कळेल असा माणूस मला एकच माहीत आहे.