सेंट क्रॉयवरची न मिळालेली खुर्ची

मंगळवार, १६ जानेवारी २००७, सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटं. सेंट क्रॉय बेटावरच्या डायलिसिस केंद्रातल्या नर्सने रजिस्टर तिसऱ्यांदा चाळलं आणि मला सांगितलं, "मॅडम, तुमच्या मिस्टरांचं नाव इथे नाही. कधीच नव्हतं."

कॅरिबियनमधल्या बेटावर राहायला जायचं आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या मनात असतं. इथे शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये फावडं घेऊन दारातला बर्फ उपसताना तर हमखास. त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. आमच्या उपयोगाचं आता यात काही उरलेलं नाही.

माझा नवरा अरविंद एकाहत्तर वर्षांचा आहे. मूळचा वेंगुर्ल्याचा, अमेरिकेत पस्तीस वर्षं. चार वर्षांपूर्वी त्याची मूत्रपिंडं निकामी झाली. तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार असे आठवड्यातले तीन दिवस चार-चार तास त्याला मशीनच्या खुर्चीत बसावं लागतं. उरलेल्या दिवसांत त्याने एकच मागणं मागितलं: गरम हवा आणि समुद्राचा आवाज. सेंट क्रॉय अमेरिकेच्याच ताब्यात आहे. डॉलर चालतो, मेडिकेअरचा सरकारी विमा चालतो, टपाल नेहमीच्या दरात येतं. म्हणून ते बेट ठरलं.

ठरवून देणारा महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीत भेटला. बेटांवर घरं शोधून देणं, सामान पोचवणं, कागदपत्रं करून देणं हा त्याचा व्यवसाय. नाव लिहीत नाही, त्याचं त्याला कळेल. तो मला मावशी म्हणतो, म्हणून इथे मी त्याला भाचा म्हणते. जुलैमध्ये आमच्या टेबलावर बसून थालीपीठ खाताना भाचा म्हणाला, "मावशी, डायलिसिसचं मी बोललोय तिथे. काकांची खुर्ची पक्की. तुम्ही फक्त या."

माझी मुलगी मीनल ॲन आर्बरला असते. ती फोनवर म्हणाली, "आई, गेट इट इन रायटिंग."

"आपल्या माणसाकडे लेखी मागतात का?" मी म्हणाले. "त्याला काय वाटेल?"

बावीस वर्षं मी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात नोकरी केली. सहीशिवाय एक कागद पुढे सरकू दिला नाही, सर्जन दारात उभे राहून ओरडले तरी. परक्यांकडून मी पावतीची पावती मागितली असती. पण हा माझ्या हातचं थालीपीठ खात होता.

रविवार, १४ जानेवारीला निघालो. शनिवारचं डायलिसिस उरकलं होतं आणि नेपरव्हिलच्या केंद्रातली खुर्ची आम्ही सोडून दिली होती. शिकागो ते सॅन हुआन आणि तिथून छोट्या विमानाने सेंट क्रॉय. संध्याकाळी उतरलो तेव्हा उणे बारा अंशांतून आलेला अरविंद दारातच थांबला. त्याने कोट काढला, स्वेटर काढला आणि मागची रांग खोळंबवून डोळे मिटून उभा राहिला. मी त्याला पुढे ढकललं नाही.

गाडी भाड्याने घेतलीत तर लक्षात ठेवा: वाहतूक डावीकडून, पण गाड्या अमेरिकन, म्हणजे चालकही डावीकडे. तुम्ही रस्त्याच्या कडेच्या गवतावर बसून गाडी चालवत आहात असं वाटतं. रस्त्यांना खड्डे भरपूर. भाडं दिवसाला पंचेचाळीस डॉलर. भाच्याने पाहून ठेवलेलं घर ख्रिश्चनस्टेडच्या वर टेकडीवर होतं आणि ते खरोखर चांगलं होतं, हे मी मान्य करते. छपरावर पडलेला पाऊस घराखालच्या टाकीत साठवतात, तेच पाणी वर्षभर वापरायचं. टाकी किती भरली आहे ते घर घेण्याआधी स्वतः झाकण उघडून बघा. वीज दिवसातून एकदा तरी जाते. जहाजाने येणारं सगळं महाग, दुधाचा गॅलन नेपरव्हिलच्या दुप्पट.

सोमवारी त्या दुधाच्या दुकानातच मला धडा मिळाला. मी काउंटरवर जाऊन विचारलं, "दूध कुठे आहे?" बाईंनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं आणि म्हणाल्या, "गुड आफ्टरनून." उत्तर दिलंच नाही. मग माझी ट्यूब पेटली. या बेटावर आधी अभिवादन, मग काम. दुकान असो, बस असो, दवाखाना असो, आत शिरताना सगळ्यांना उद्देशून म्हणायचं. न म्हणणारा माणूस उर्मट ठरतो. आम्ही तर कॉन्व्हेंटच्या मुली, दहा वर्षं रोज उभं राहून एका सुरात "गुड मॉर्निंग, सिस्टर" म्हटलेल्या. मी दाराशी परत गेले आणि पुन्हा आत आले. बाई हसल्या आणि दुधापर्यंत सोबत आल्या. आपल्याकडे थेट "अहो, ते द्या" म्हणून सुरुवात करायची सवय असते. इथे ती विमानातच सोडा.

दुपारी बंदरावर गेलो. लाकडी धक्क्यावर बाकावर बसून अरविंद समुद्र ऐकत होता. शेजारी एक माणूस कोयत्याने शहाळी सोलून विकत होता. मूत्रपिंडाच्या रुग्णाला शहाळ्याचं पाणी विषासारखं, पोटॅशियममुळे. वेंगुर्ल्याच्या माणसाला.

"नुसतं हातात धरू का?" त्याने विचारलं.

मी एक विकत घेतलं. त्याने ते न फोडता मांडीवर घेतलं आणि तासभर बसला. "कोयता आमच्यासारखाच धरतो गं," म्हणाला. मला वाटलं, बरं झालं आलो. तेवढा एक तास मी तसं समजून होते.

मंगळवारी सकाळी केंद्रात शिरताना मी खणखणीत "गुड मॉर्निंग" म्हटलं. वाट पाहणाऱ्या सगळ्यांनी उत्तर दिलं. मिसेस जोसेफ नावाच्या नर्सने आम्हाला बसवलं, रजिस्टर काढलं. पुढचं वर लिहिलं आहे.

मी तिथूनच भाच्याला फोन लावला. नेपरव्हिलमध्ये पावणेसात वाजायचे होते.

"मावशी, मी बोललो होतो हो."

"कोणाशी?"

"आहेत ना तिथे एक जण. नाव आत्ता आठवत नाही."

"बाई की पुरुष?"

"मावशी, तुम्ही टेन्शन घेऊ नका. मी बघतो."

तो अजून बघतोच आहे.

फोन ठेवल्यावर मी मिसेस जोसेफना विचारलं की प्रतीक्षायादी कशी असते. त्यांनी न लपवता सांगितलं. बेटावर खुर्च्या मोजक्या आणि रुग्ण जास्त. यादीत नाव घालायला कागदसुद्धा लागत नाही, एक फोन पुरतो, कागद मागून पाठवले तरी चालतात. "तुम्ही जुलैत फोन केला असता," त्या म्हणाल्या, "तर डिसेंबरात तुमचा नंबर लागला असता. ती खिडकीजवळची खुर्ची. तिच्यावर आता ऑक्टोबरात नाव दिलेले गृहस्थ आहेत."

त्या खिडकीतून समुद्र दिसतो.

आता नाव घातलं तर किती दिवस, याला उत्तर नव्हतं. मंगळवार कोरडा गेला. बुधवारी अरविंदच्या सुजलेल्या पायांत बोट रुतायला लागलं. मी पाणी मोजून द्यायला लागले, दिवसाला दोन कप. तो खिडकीशी बसून होता, कारण आडवं झालं की धाप लागत होती. तरी मला म्हणाला, "अगं, त्या पोराशी भांडू नकोस. विसरला असेल."

गुरुवारी एक रुग्ण मुख्य भूमीवर गेलेला होता, त्याच्या जागी मिसेस जोसेफनी अरविंदला घेतलं. एकदाच, आणि तेही स्वतःची जेवणाची सुट्टी सोडून. निघताना मला म्हणाल्या, "मिस, त्यांना घरी घेऊन जा. इथे पुढच्या वेळेची मी खात्री देऊ शकत नाही." या सगळ्या प्रकरणात खरं बोलणारी ती एकटी.

शुक्रवारी परतलो. बेटावरून निघताना विमानतळावर कस्टमची तपासणी असते, अमेरिकेतून अमेरिकेतच जात असलात तरी. पासपोर्ट, ग्रीन कार्ड, व्हिसावर असाल तर मूळ कागद, सगळं हाताशी ठेवा. अरविंदच्या बॅगेत ते शहाळं होतं. फळं नेता येत नाहीत. अधिकाऱ्याने ते काढून घेतलं आणि अरविंदने त्याला "थँक यू" म्हटलं.

नेपरव्हिलचं घर विकायला काढलं होतं, पण थंडीत कोणी बघायलाही आलं नव्हतं, म्हणून डोक्यावर छप्पर तरी आहे. नेपरव्हिलची खुर्ची मात्र गेली. आता पाऊण तासावरच्या दुसऱ्या गावात पहाटे साडेपाचची पाळी मिळाली आहे. मी आठवड्यातून तीनदा बर्फातून गाडी चालवते. शेजारी अरविंद कोटावर कोट चढवून बसलेला असतो. पूर्वी तो समुद्राबद्दल बोलायचा, भरतीच्या वेळा सांगायचा. आल्यापासून त्याने तो विषय काढलेला नाही. मीही काढत नाही.

तुम्हाला सांगायचं ते एवढंच: घर, गाडी, टाकी हे सगळं मागाहून बघता येतं. तुमच्या घरात आजारी माणूस असेल तर पहिला फोन तुम्ही स्वतः करा, समोरच्याला गुड मॉर्निंग म्हणा, आणि त्याचं नाव लिहून घ्या. सल्लागार तुमच्या मंडळातला असेल, तुमच्याकडे जेवून गेला असेल, तर दोनदा लिहून घ्या. ही चूक माझी आहे आणि ती मी मीनलपुढेही कबूल केली आहे.

भाच्यासाठी वेगळं. तू हा ब्लॉग वाचतोस, मला माहीत आहे. संक्रांतीला आम्ही बेटावर होतो, म्हणून यंदा तुला तिळगूळ दिला नाही. पुढच्या वर्षीही धरून चालू नकोस. पैसे परत नकोत. माझे तीन प्रश्न आहेत. जुलैमध्ये तू त्या केंद्रात कोणाशी बोललास? कोणत्या तारखेला, किती वाजता? आणि बोललाच नसशील, तर आमच्या टेबलावर बसून तसं का सांगितलंस? उत्तर कागदावर, सहीनिशी, टपालाने हवं. पत्र अरविंदच्या नावाने पाठव, कारण तू विसरला असशील असं तो अजून म्हणतो. फोन करू नये, आणि मावशी म्हणू नये. शुक्रवार, ३० मार्च २००७, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत माझ्या पेटीत पत्र पडलं पाहिजे. मी पेटीशी उभी असेन.