गंगाधर कामाला लागला

शिवडीचं गोदाम बंद पडल्यापासून गंगाधर लालबागला आमच्या शेजारी, भावाकडे राहतो. वय बावन्न, लग्न नाही, तब्येत ठणठणीत. थोडक्यात, वहिनीच्या तोंडी द्यायला अगदी योग्य माणूस. सुचित्रावहिनी त्याला दुसरी चपाती वाढते ती ‘रिकामटेकड्याला भूक बरी लागते’ हे ऐकवूनच.

हा रिकामटेकडा रोज पहाटे पाचला परळच्या एका हॉस्पिटलबाहेर रांगेत उभा असतो. गावाहून आलेल्या पेशंटबरोबर बहुधा एकच माणूस असतो. त्याने पेशंटला सांभाळायचं की केसपेपरची रांग धरायची? मग रांग गंगाधर धरतो. पैसे घेत नाही.

मार्चमध्ये सरकारी पाहणीच्या मीनाक्षी मॅडम आल्या. शहरात कोणाला काम आहे आणि कोणाला नाही, ते मोजायला. आम्ही शेजारी लगेच दारात जमलो. अशा वेळी घरात बसून राहण्याइतके आम्ही सुसंस्कृत नाही.

‘‘गेल्या सात दिवसांत एक तास तरी काम केलंत का?’’ मॅडमनी विचारलं.

वहिनीचा मुलगा वैभव आठवडाभर गादीवरून हलला नव्हता. पण लोळता लोळता त्याने मित्राच्या दुकानाचे दोन व्हिडिओ कापून दिले होते, पैसे घेऊन. मॅडमनी त्याला रोजगारात टाकलं. मग गंगाधरची पाळी आली. रोज पाच तास, सातही दिवस.

‘‘मोबदला?’’

‘‘छे हो, आजारी माणसांकडून कसला घ्यायचा?’’

‘‘मग ते काम धरता येत नाही, काका. नोकरी शोधताय?’’

‘‘शोधू कधी? वेळच नाही.’’

म्हणजे हा बेकारांतही बसेना. मॅडमनी त्याला ज्यांना काम नको आहे त्यांच्यात ढकललं.

‘‘बघलात?’’ वहिनी आम्हाला म्हणाली. ‘‘सरकार पण तेच सांगता.’’

गंगाधर त्या दिवशी एकाच चपातीवर उठला. मला मॅडमचा राग आला. त्यांचा दोष नव्हता हे कळत होतं, तरी आला.

मॅडम तीन महिन्यांनी पुन्हा येणार होत्या. गंगाधरने ते मनावर घेतलं. जूनमध्ये त्यांचा फोन आल्यावर त्याने सुभद्राबाईंकडे, मान खाली घालून, रांगेचे शंभर रुपये मागितले. या बाई नवऱ्याच्या उपचारांसाठी देवगडहून येतात. दोन महिने गंगाधर त्यांच्यासाठी रांग धरत होता आणि त्या त्याला ‘भाऊ, तुम्ही देवासारखे भेटलात’ म्हणायच्या. त्यांनी लगेच पैसे काढून दिले.

मॅडमनी टॅबवर लिहिलं, स्वयंरोजगार. रात्री वहिनीने दुसरी चपाती मुकाट्याने वाढली. आम्ही पेढे मागितले.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्याच्याबरोबर गेलो, म्हटलं हा रोजगार एकदा बघून तरी घ्यावा. नेमका बारावा नंबर लागला. सुभद्राबाईंनी नंबराचा कागद हातात घेतला.

‘‘बारावा? तिसऱ्या-चौथ्याच्या पुढे कधी गेला नव्हता. उद्यापासून जरा लवकर येत जा. पैसे देते ना मी?’’

‘‘हो बाई,’’ गंगाधर म्हणाला.

आम्ही परत निघालो. माझ्या जिवाला फार लागलं. लालबागच्या नाक्यावर मी म्हणालो, ‘‘सोड रे, तोंडावर फेक तिचे पैसे.’’

‘‘असं कसं?’’ तो म्हणाला. ‘‘कामाला आहे ना मी. ऐकून घ्यावं लागतं.’’