हिरवं लुगडं कापलं त्याची गोष्ट

प्रियदर्शनी बाईंचं माहेर कराडजवळचं, घरी उसाची शेती. नोकरी मात्र लागली आटपाडीच्या पुढं, एका धनगरवस्तीवरच्या शाळेत. दोन खोल्या, बावीस पोरं. बाई कष्टाळू होत्या, पोरांना काहीतरी नवं शिकवायची त्यांची धडपड खरी होती. हे आधी सांगायला हवं.

त्या वर्षी त्यांनी विणकाम शिकवायला घेतलं. पुठ्ठ्याच्या दोन्ही कडांना खाचा पाडायच्या, त्यांत सुतळी ताणायची आणि जुन्या कापडाच्या पट्ट्या एकदा वरून, एकदा खालून ओवत जायचं. हातभर लांबीचं बसकर तयार. फळ्यावर त्यांनी ‘टाकाऊपासून टिकाऊ’ असं मोठ्या अक्षरात लिहिलं आणि प्रत्येकाला घरून टाकाऊ कापड आणायला सांगितलं.

तिसरीतली सोनिया दोन दिवस रिकाम्या हातानं आली.

“आमच्यात टाकाऊ काय न्हाई, बाई.”

“असं कुठलं घर असतं का गं? उद्या आणलं नाहीस तर वर्गाबाहेर बसायचं.”

तिसऱ्या दिवशी तिनं पिशवीतून हिरवं इरकली लुगडं काढलं. लाल काठ, जपून घातलेली घडी, डांबरगोळ्यांचा वास. हे टाकाऊ नाही, हे बाईंना तेव्हाच कळलं. पण शनिवारी केंद्रप्रमुख यायचे होते, आणि बाकीच्या विटक्या चिंध्यांत तो रंग उठून दिसणार होता. त्यांनी कात्री चालवली. काठ कापला जाताना सोनियानं मान खाली घातली. तेही बाईंनी पाहिलं.

शनिवारी भिंतीवर बावीस बसकरं लागली. केंद्रप्रमुखांनी फोटो काढले, पाठ थोपटली.

सोमवारी सोनियाची आजी हरणाबाई दारात उभी राहिली.

“आवं बाई, माजं हिरवं लुगडं पोरीनं हितं आणलंय का? परवा नातवाचं जावळ हाय, लेकीकडं जायाचंय. पेटीत दिसंना.”

“बघते हं, मुलांना विचारते,” बाई बोलून गेल्या.

एवढं म्हणेपर्यंत म्हातारीची नजर भिंतीवर गेली होती. ती जवळ गेली, एका बसकरातल्या लाल काठावरून तिनं बोट फिरवलं.

“फाटलं हुतं व्हय?”

सगळी पोरं बघत होती. सोनियाच्या डोळ्यांत पाणी होतं. आता खोटं बोलायला जागाच उरली नव्हती.

“नाही आजी. चांगलं होतं. मला दिसत होतं, तरी मीच कापलं. सोनियाचा काही दोष नाही, मीच तिला घाबरवलं होतं.”

हरणाबाई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, “आमच्यात लुगडं फाटलं की वाकळंत जातंय. वाकळ फाटली की कोकराखाली. टाकायचं काय ऱ्हातंय, बाई?”

बाईंनी आपली पैठणी देऊ केली.

“तुमची नेसून जाऊ व्हय? लोक काय म्हंतील?” आणि ती निघून गेली.

जावळाच्या दिवशी नेसूच्या विटक्या लुगड्यातच, नातीचा हात धरून हरणाबाई शाळेवरून एसटीच्या थांब्याकडं गेली. बाई व्हरांड्यात होत्या. त्या चटकन दाराआड झाल्या, आणि आपण लपलो याचीही त्यांना लाज वाटली. दुसऱ्या दिवशी त्यांनी बसकरं उतरवून ज्याची त्याला दिली. तालुक्याच्या प्रशिक्षणात त्यांना या उपक्रमाबद्दल बोलायला सांगितलं, तेव्हा त्यांनी उभं राहून जे घडलं ते सांगितलं. काहीजण हसले. बाई हसल्या नाहीत.

दिवाळीनंतर त्या हरणाबाईच्या दारी गेल्या. बसा म्हटल्यावरही उभ्याच राहिल्या.

“आजी, पोरांना तुम्ही काही शिकवाल का? मीही शिकेन.”

हरणाबाई म्हणाली, “खताची रिकामी पोती हायत का कुणाकडं?”

बुधवारी ती आली. पोत्यांचे धागे उसवायचे, मांडीवर पीळ द्यायचा, तीन पदर एकत्र वळले की शेरडाचं दावं होतं. पोरांचे हात भराभर चालले. बाई त्यांच्यातच जमिनीवर बसल्या होत्या, पण त्यांचा पीळ सारखा सुटत होता. हरणाबाईनं ते दावं त्यांच्या हातातून घेतलं, पुन्हा वळलं आणि परत दिलं. बाईंना मान वर करून तिच्याकडं बघता आलं नाही. त्या खाली बघूनच पुढचा धागा घेत राहिल्या.