व्यक्तीवर नको, पात्रावर बोला

पुस्तकांवर बोलायला चार माणसं जमवली की पुस्तकं बाजूला राहतात आणि किस्सेच साठत जातात, हे मला भडगावला बदली होण्याआधी कोणी सांगितलं नव्हतं. मी मूळची जळगावची, इथल्या हायस्कुलात मराठी शिकवते. महिन्यातून एका रविवारी दुपारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत आमचं वाचक मंडळ भरतं. एक कादंबरी सगळ्यांनी आळीपाळीनं वाचायची आणि मग जमून तिची चिरफाड करायची, असा बेत. चिरफाड दर वेळी होते, फक्त कशाची होणार ते आधी सांगता येत नाही.

*

पहिल्या बैठकीच्या वेळी मी उत्साहात बाहेर फलक लावला होता: 'आज चर्चा – प्लॉट आणि थीम. सर्वांना प्रवेश.' खोलीत मी आणि खुर्च्यांच्या तीन रिकाम्या ओळी. तेवढ्यात पांढरा शर्ट, खिशात दोन मोबाईल, असे एक गृहस्थ आले आणि पुढच्याच खुर्चीत बसले. हे राजूभाऊ. मला फार बरं वाटलं.

मी बोलायला लागले. प्लॉट वरून साधा दिसतो पण आत फार गुंतागुंत आहे, म्हटलं. राजूभाऊंनी समजल्यासारखी मान हलवली. म्हणाले, "वारसांच्या सह्या नसतील."

राजूभाऊ जमिनीच्या प्लॉटची दलाली करतात, हे मला पाऊण तासानं कळलं. तोवर त्यांनी कादंबरीचा प्लॉट एन.ए. आहे का, कॉर्नरचा आहे का, हेही विचारून घेतलं होतं. खरी भानगड कळल्यावर कोणीही उठून गेलं असतं. हे म्हणाले, आता बसलोच आहे तर गोष्ट काय ती सांगा. त्या दिवसापासून त्यांनी एकही बैठक चुकवलेली नाही. मागे एका गाजलेल्या जाडजूड कादंबरीवर आम्ही दोन तास घासाघीस केली. शेवटी राजूभाऊ म्हणाले, "प्लॉट मोठा आहे मॅडम, पण रस्ताच नाही. आत शिरायचं कुठून?" त्या कादंबरीवर मी पुष्कळ समीक्षा वाचली आहे, इतकं नेमकं कोणी लिहिलेलं नाही.

*

प्रमिलाअक्का निवृत्त नर्स. कुठलीही कादंबरी हातात घेतली की आधी शेवटचं पान वाचतात, पटलं तरच पहिलं. आम्ही एकदा खुनाची कादंबरी घेतली. निम्म्या मंडळानं ती अजून उघडलीही नव्हती आणि अक्कांनी चहा ओतता ओतता खुन्याचं नाव सांगून टाकलं. वर म्हणाल्या, तो डॉक्टर मला पहिल्यापासून आवडला नव्हता.

राजूभाऊ चिडले. अक्कांना कळेना, यात चिडायचं काय. "माणूस मेला की कोणी मारला ते आधी विचारतात," त्या म्हणाल्या. "दोनशे पानं थांबतं का कोणी?"

थीमचंही तसंच. मी थीम म्हणजे काय ते जीव तोडून समजावलं. अक्कांच्या नातीच्या वाढदिवसाला 'जंगल' अशी थीम होती, त्यामुळे त्यांना कल्पना बरीचशी होती. त्यांनी विचारलं, या पुस्तकाची कोणती? मी म्हटलं, एकाकीपणा. अक्कांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "फुगे कसले लावणार मग?"

*

आता आबा आणि नाना. मंडळाचे हे दोन आधारस्तंभ, आणि सख्खे भाऊ. आबा थोरले, शेती करतात, लिंबाची बाग आहे. नानांचं पाइपाचं आणि ठिबकचं दुकान. दोघं कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, आणि त्याला कारण आहे एक लग्नपत्रिका.

आबांच्या मुलीचं लग्न होतं. पत्रिकेत 'आपले विनीत' म्हणून सगळे काका, मामा, चुलत-मावस आले. प्रेसवाल्याला जागा पुरली नाही, म्हणून त्यानं उरलेली नावं खालच्या चौकटीत ढकलली. त्यात सख्ख्या काकाचं, म्हणजे नानांचं नाव गेलं. चौकटीवर छापलं होतं: 'मित्र परिवार'. आबांनी प्रूफ बिनचष्म्याचं वाचलं होतं.

नाना लग्नाला आले, पण मित्रासारखे. शेवटच्या रांगेतून अक्षता टाकल्या, आहेराचं पाकीट दिलं आणि न जेवता घरी गेले. आबांचं म्हणणं, चूक प्रेसवाल्याची, मी थोरला असून कशाला माफी मागू? नानांचं म्हणणं, प्रूफ काय प्रेसवाल्यानं वाचलं? दोघांची घरं एकाच गल्लीत. बायका एकमेकींकडे जातात, नातवंडं एकत्र खेळतात. हे दोघे तेवढे समोरून येताना दिसले की एकाला अचानक पानाच्या टपरीवर काम निघतं.

अक्का नात्यानं दोघांच्याही लांबच्या बहीण लागतात. त्यांना हे फार लागायचं. एकदा मला म्हणाल्या, "यांच्यातला एक गेला की दुसरा रडत बोलायला लागेल. तवा ऐकनार कोन?" दोघांनाही वाचनाचं वेड आहे, हे मात्र त्यांनीच मला सांगितलं, आणि दोघांना वेगवेगळं गाठून मंडळाचं आमंत्रणही त्यांनीच दिलं. दुसरा येणार आहे, हे सांगायचं तेवढ्या विसरल्या.

*

दोघं पहिल्यांदा आले त्या दिवशी नाना दारातूनच मागे फिरत होते. अक्कांनी त्यांच्या हातात चहाचा कप दिला आणि कप भरलेला असल्यामुळे ते अडकले. वातावरण असं तापलेलं की मी घाईनं नियम जाहीर केला: इथे व्यक्तीवर कोणी बोलायचं नाही, फक्त पात्रावर बोलायचं. नियम करताना मला वाटलं, भांडण टळलं.

त्या दिवशीच्या कादंबरीत एकत्र कुटुंब होतं. नाना छताकडे बघत मला म्हणाले, "मॅडम, या कादंबरीतल्या थोरल्याले सांगा, घर चालवनं म्हंजे हुकूम सोडनं नही."

मी म्हटलं, नाना, तो कागदावर आहे, त्याला मी कसं सांगू?

"त्याले ऐकू येस," नाना म्हणाले.

आबांनी चष्मा पुसला आणि मलाच सांगितलं, की त्या धाकट्यालाही कळवा, रुसायचंही एक वय असतं. राजूभाऊ खुशीत आले. इतका जिवंत प्लॉट त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. मी मधे बसून दोन्हीकडचे निरोप पोचवत राहिले. शाळेत मी व्याकरण शिकवते, इथे माझं पोस्ट ऑफिस झालं.

*

मग मी मुद्दाम भावांच्या कादंबऱ्या टाळायला लागले. प्रेमकथा घेतली, तर नायिकेला दोन दीर निघाले. शिकारीची घेतली, तर दोन बिबटे एकाच आईचे. शेवटी एक अशी शोधून काढली की तिच्यात पात्र एकच. समुद्रातल्या बेटावर दिवा सांभाळणारा म्हातारा, बाकी सगळं पाणी. म्हटलं, आज शांतता.

अर्धा तास खरंच शांततेत गेला. आबांनी समुद्राच्या वर्णनाचं कौतुक केलं, नानांना भाषा आवडली. मी आभार मानायला उठले तेवढ्यात नानांनी सहज विचारलं, "मॅडम, या म्हाताऱ्याले भाऊ असेल का?"

मी काही बोलायच्या आत आबा पुस्तकाकडे बघत म्हणाले, "असनार. त्याशिवाय मानूस बेटावर राहायला जाईल का?"

*

एकदा धुळ्याला एका मोठ्या अभ्यासकांचं व्याख्यान होतं. आम्ही पाचही जण राजूभाऊंच्या गाडीतून गेलो. आबा पुढे, नाना मागच्या कोपऱ्यात, मधे अक्का आणि मी. आबांना काच खाली हवी होती, नानांना वर. दोघंही ते राजूभाऊंना सांगत होते, त्यामुळे भडगाव ते धुळे काच खालीवर होत राहिली.

अभ्यासक छान बोलले. कादंबरीत दोन पात्रांमधलं मौन किती बोलकं असतं, यावरच त्यांचा भर होता. मौनाचे त्यांनी बरेच प्रकार सांगितले. व्याख्यान संपल्यावर कोणाला काही शंका, असं विचारलं. अक्का उठल्या.

त्यांनी विचारलं, की दोन पात्रं एकाच गाडीत बसून दुसऱ्या गावाला आली आणि वाटेत फक्त काचेवर बोलली, तर ते मौन यातल्या कोणत्या प्रकारात बसतं? अभ्यासकांनी मोठ्या आस्थेनं कादंबरीचं नाव विचारलं. अक्का म्हणाल्या, "अजून लिहून झाली नाही, साहेब. पात्रं ऐकत नाहीत."

त्या ओळीवर सभागृह हसलं. आबा आणि नाना दोघंही हसले, दोन टोकांना बसून. येताना गाडीत नाना काचेबद्दल काही बोलले नाहीत. आबांनी ती अर्धी खाली ठेवायला सांगितली.

*

परवाच्या रविवारची गोष्ट. कादंबरी जुनी, बाइंडिंग सुटलेली, वाचनालयात एकच प्रत. तिची शेवटची पानं कोणीतरी फाडून नेलेली. अक्कांना तर ती सुरूच करता आली नाही. गोष्ट अशी: दोन भाऊ, नदीच्या दोन काठांवर राहतात, वर्षानुवर्षं भेटत नाहीत. शेवटच्या शिल्लक पानावर नदीचं पाणी ओसरलंय आणि दोघंही आपापल्या काठावर उभे आहेत. पुढे काहीच नाही.

भावांची कादंबरी मी इतके दिवस टाळत होते. ही अक्कांनी शोधून आणली होती, शेवट न वाचता. मी ठरवलं, आज प्रत्येकानं शेवट सांगायचा. राजूभाऊंनी मधे पूल बांधला. अक्का म्हणाल्या, मला शेवट माहीत नाही आणि मला तो हवाय, लवकर सांगा.

आबांची पाळी आली. इतक्या बैठका आम्ही त्यांच्याकडून एकच ऐकत आलो होतो, की धाकट्यानं यायला पाहिजे. त्या दिवशी ते म्हणाले, की थोरलाच नदी ओलांडून जातो. चूक त्याचीच होती.

नाना छताकडे बघत नव्हते. ते मान खाली घालून थेट अहिराणीतच म्हणाले, "नही मॅडम. मोठा जाऊ शकस नही. त्याना दोन्ही गुडघा गयात. डॉक्टरनी जिना चढाले नही सांगेल शे. धाकलानीच जावाले जोयजे."

मी मास्तरीणच. पटकन बोलून गेले, नाना, थोरल्यानं जिना चढायचा नाही म्हणता, पण धाकटा तर नदीकाठी झोपडीत राहतो, तिला जिना कुठला? आणि गुडघ्यांचा तर पुस्तकात उल्लेखच नाही. राजूभाऊंनी मला कोपरानं ढोसलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की पाइपाच्या दुकानाच्या वर, अरुंद जिन्याच्या घरात राहतात ते आमचे नाना.

आबांच्या गुडघ्यांचं मंडळात दुसऱ्या कोणालाच माहीत नव्हतं. अक्कांनाही नाही. आबांनी चष्मा काढला, मान वळवली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ धाकट्या भावाच्या तोंडाकडे बघितलं.

"तुले कोनी सांगं?"

नानांनी फाटकं पुस्तक आबांच्या पुढ्यात सरकवलं.

"पुस्तकमा शे."